फालेना आणि निळ्या चौकडीचा रुमाल

आलास्सिओ, ३ मार्च १९९८

प्रिय नीवेस,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? सिस्टर बेनिन्या म्हणायच्या, क्लेलियाचं अक्षर म्हणजे भिजलेल्या कोंबडीची पावलं. पंचेचाळीस वर्षांत त्यात काही फरक पडलेला नाही.

ओरेस्ते ऑक्टोबरात गेला. शेवटची दोन वर्षं त्याला श्वास पुरत नव्हता. प्लॅस्टरची धूळ, डॉक्टर म्हणाले. मी आता समुद्राकाठच्या या दोन खोल्यांत एकटीच असते. सकाळी पाव आणते, दुपारी खिडकीत बसते.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. फालेना सापडली! आपली फालेना, नीवेस. ज्या गिरणीवाल्यांनी तिच्यामागे उभं राहायचं कबूल केलं होतं आणि नंतर हात झटकले, त्यांच्याच बंद पडलेल्या गिरणीत, बिएल्लाजवळ, ताडपत्रीखाली अठ्ठावीस वर्षं उभी होती. चाकं बसलेली, सीटवर उंदरांचं घरटं. पण पत्र्यावर एक पोचा नाही म्हणे. तुझ्या बाबांच्या हातचा पत्रा तो.

जूनमध्ये तोरीनोला तिचं प्रदर्शन भरणार आहे. जगात एकच बनलेली आणि रस्त्यावर कधीच न आलेली गाडी म्हणून फार कौतुक चाललंय. एक तरुण इंजिनिअर तिच्यावर पुस्तिका लिहितोय. तिचा प्लॅस्टरचा नमुना माझ्या ओरेस्तेनं केला म्हणून तो माझ्याकडे येऊन गेला. जुने फोटो हवेत म्हणाला. तेव्हा मला आठवलं, मालकांनी, सिन्योर ब्रेत्सोंनी, त्या दिवशी तुझ्या बाबांच्या समोर जो फोटो टाकला होता, मासिकात छापला तो नव्हे, त्याची मूळ प्रत, ती बाबांनी खिशात घातली होती. अजून असेल तर माझ्याकडे पाठवून दे. मी त्याला देईन. तुला उगाच हेलपाटा नको.

बाबा कसे आहेत? त्यांना माझं नाव सांगू नकोस, उगाच जुन्या आठवणी निघतील.

तुझी,
क्लेलिया

•

तोरीनो, १२ मार्च १९९८

श्रीमती क्लेलिया गाल्लारीनो यांस,

तुमचं पत्र मिळालं. ओरेस्तेच्या निधनाचं वाईट वाटलं. तो माझ्याशी नेहमी हसून बोलायचा.

माझी आई गेली तेव्हा चर्च तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. तुम्ही आला नाहीत. माझे बाबा समोरून आले की तुम्ही रस्ता ओलांडायचात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि आज तुम्हाला माझ्या हेलपाट्यांची काळजी?

इंजिनिअर तोरीनोत, मीही तोरीनोत. मग तो फोटो आधी समुद्राची हवा खायला का जावा, हे मला कळलं नाही.

बाबा शहाऐंशीचे आहेत. मोंकालिएरीच्या वृद्धाश्रमात असतात. डोळ्यांनी कमी दिसतं, पण टेबलावरून तळवा फिरवून कुठल्या कोपऱ्यात खोलगा आहे ते अजून सांगतात. स्वयंपाकघरातल्या बायका त्यांना पातेली तपासायला देतात आणि हसतात.

त्यांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही किती सोयीस्कर विसरलात ते मला पाहायचंय. मार्च सत्तर. फालेना पूर्ण व्हायला आठवडा राहिला होता. मासिकात तिचा चोरून काढलेला फोटो आला, आणि जिनिव्हाच्या मोटारींच्या जत्रेत दुसऱ्या कारखान्यानं तसंच शेपूट असलेली गाडी आधी उभी केली. गिरणीवाले फिरले. फालेना संपली. चेलेस्तीनो मामा त्या दुसऱ्या कारखान्यात पत्रेकामाला होता, एवढ्यावर सिन्योर ब्रेत्सोंनी सगळ्या कामगारांसमोर बाबांना बोलावलं. "मेहुण्याला विकलीस ना, एउसेबिओ?" म्हणत फोटो त्यांच्या पुढ्यात टाकला. बाबांनी तो उचलला. खूप वेळ पाहिला. मग म्हणाले, "बरं." एवढंच. हातोड्या पिशवीत भरल्या आणि घरी आले.

त्यानंतर एकाही कारखान्यानं त्यांना दारात उभं केलं नाही. फालेना घडवणारा माणूस वीस वर्षं लोकांच्या छपरांची पन्हाळी ठोकत फिरला. आणखी एक सांगते, जे मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा डबा नेला नाही. आई गेली तरी नाही. पाव आणि खारी मासळी स्वतः कागदात गुंडाळून न्यायचे.

त्या पुस्तिकेत बाबांबद्दल काय लिहिलंय ते मला कळवा. मग फोटोचं बघू.

नीवेस बाराव्हाल्ले

•

आलास्सिओ, २० मार्च

नीवेस,

मला 'तुम्ही' म्हणतेस? एका बाकावर आठ वर्षं बसलो, तुझ्या वेणीतल्या उवा मी काढल्यात, आणि 'श्रीमती गाल्लारीनो'? बरं बाई. लिहून घे मनातलं सगळं.

आईच्या वेळी मी यायला हवं होतं.

पुस्तिकेचं ते पान सोबत जोडलंय. बघ, नाव कुठेही नाही. "कारखान्यातील एका पत्रा ठोकणाऱ्या कारागिराने छायाचित्र बाहेर दिल्यामुळे या असामान्य गाडीचे भवितव्य संपले." नाव घालू नकोस, म्हातारा जिवंत आहे, असं मीच त्याला सांगितलं. तू माझे आभार मानायला हवेत.

आता फोटोबद्दल. त्यात काही विशेष नाही. गाडीचा मागून काढलेला फोटो, आणि कडेला जमिनीवरचा पसारा, तो मासिकवाल्यांनी कापूनच टाकला होता. बाबांना अशा वयात ती आठवण कशाला? माझ्याकडे पाठवून मोकळी हो.

क्लेलिया

•

तोरीनो, २ एप्रिल

श्रीमती गाल्लारीनो,

त्या कारखान्यात पत्रा ठोकणारे तेव्हा पाच जण होते. चार जण फालेनानंतरही तिथेच राहिले. नाव घालायची गरज काय? उरलेला एक कोण ते तोरीनोतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ते जूनमध्ये छापून येणार, बाबा जिवंत असताना. आश्रमात वर्तमानपत्र वाचून दाखवतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दहादा वाचलं. कडेला पसारा होता आणि तो कापून टाकला, हे तुम्हाला कसं कळलं? मूळ प्रत ब्रेत्सोंच्या हातून बाबांच्या खिशात गेली. त्या दिवशी तुम्ही कारखान्यात नव्हतात. मीसुद्धा तो फोटो कधी पाहिला नव्हता.

म्हणून शोधला. हातोड्यांच्या पिशवीत, अस्तराच्या आत, मेणकागदात होता.

तो घेऊन मी गाउदेन्सिओकाकांकडे गेले. बाबांच्या शेजारच्या ओंडक्यावर पत्रा ठोकणारे, आठवत असतील. आता पार बहिरे झालेत. त्यांनी भिंग लावलं, आणि ओरडलेच.

"अगं, ही फालेना नाहीच!"

"म्हणजे?"

"पेट्रोलच्या टाकीची झाकणं मोज."

"दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे."

"तुझ्या बापानं ठोकलेल्या गाडीला झाकण एकच. उजवीकडे. हे भोक मी पाडलंय, मला विचार! ही प्लॅस्टरची आहे. अर्धी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नमुना अर्धाच करायचे, उभ्या चिरलेल्या भोपळ्यासारखा, आणि चिरलेली बाजू भिंतीएवढ्या आरशाला टेकवायचे. मालकाला पुरी गाडी दिसते, कारागिराचं अर्धं काम वाचतं. फोटोत जी पुरी फालेना दिसते तिची डावी बाजू नुसता आरसा आहे.

"आणि प्लॅस्टरच्या खोलीत आम्हा पत्रेवाल्यांना पाऊल टाकायची बंदी," काका म्हणाले. "किल्ल्या दोन. एक मालकाकडे, एक ओरेस्तेकडे. मालकानं रागात नीट बघितलंच नाही, पण तुझ्या बापाला हे बघताक्षणी कळलं असणार. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. का बोलला नाही, ते त्या खेचराला विचार."

आता पसाऱ्याबद्दल. फोटोच्या दोन्ही कडांना जमिनीवर जेवणाचा एकेक डबा आहे. खरा एक, आरशातला एक. निळ्या चौकडीच्या रुमालात बांधलेला. गाठीचा एक कान उभा, एक दुमडलेला.

ती गाठ तुम्ही आणि मी एकाच दुपारी सिस्टर बेनिन्यांकडून शिकलो. तो रुमाल आपण शिवणाच्या तासाला एकाच ताग्यातून कापला. ओरेस्तेचा डबा तुम्ही नेत होतात. किल्ली त्याच्याकडे, डबा त्याचा. फोटो ओरेस्तेनं काढला आणि माझ्या बाबांचा बळी दिला. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण जिवंत माणसाबद्दल तुम्ही काय लिहून घेतलंत ते माझ्यासमोर पडलंय.

हे सगळं मी इंजिनिअरला सांगणार आहे.

नी. बा.

•

(पोस्टकार्ड. आलास्सिओ, ७ एप्रिल)

पत्र मिळालं. कुणालाही काही दाखवू नकोस. ईस्टर होऊन जाऊ दे, मी सविस्तर लिहिते. तुझ्या पाया पडते. क.

•

(पोस्टकार्ड. तोरीनो, ९ एप्रिल)

अठ्ठावीस ईस्टर होऊन गेले. इंजिनिअरची वेळ एकवीस तारखेची आहे. नी.

•

आलास्सिओ, १४ एप्रिल

नीवेस,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

ओरेस्तेनं काढला नाही. मी काढला.

तू त्याचं नाव घेतलंस म्हणून हे लिहितेय. माझ्यावर आळ घेतला असतास तर कदाचित मी आणखी दहा खोटी पत्रं लिहिली असती. पण त्याला मेल्यावर चोर म्हणू देणार नाही.

जानेवारीतला शनिवार होता. मी डबा घेऊन गेले. ओरेस्ते हातावरचं प्लॅस्टर धुवायला अंगणातल्या नळावर गेला. खोलीत मी एकटी आणि ती. तू पाहिली होतीस ना, आपण दोघी एकदा घाईघाईनं गेलो होतो, तुला आरसा कळलाही नव्हता, त्यानं आपल्याला शपथ घातली होती? पांढरीशुभ्र, पंख मिटून बसलेल्या पतंगासारखी. मला वाटलं, हे माझ्या माणसाच्या हातांनी केलंय आणि मी कुणालाही सांगू शकत नाही. आपण डोंगरात न्यायचो तो छोटा कॅमेरा पिशवीत होता. स्टुलावर चढले आणि एक फोटो काढला. एकच. माझ्यासाठी. म्हातारपणी बघायला.

फिल्म धुवायला स्टेशनजवळच्या दुकानात दिली. त्या दुकानदाराचा भाऊ मासिकात होता. मला काय ठाऊक? त्यानं जास्तीच्या प्रती काढल्या, त्यातलीच एक पुढे सिन्योर ब्रेत्सोंच्या हाती पडली. मी कुणाकडून काही घेतलं नाही, नीवेस, एवढं तरी खरं मान. मी केस कापायला गेले होते, तिथे मासिक उघडलं, आणि ती माझ्याकडे बघत होती. डबे तेवढे कापलेले.

धावत ओरेस्तेकडे गेले. तोवर तुझे बाबा हातोड्या घेऊन निघून गेले होते. ओरेस्ते म्हणाला, "आज बोललीस तर तो परत येणार नाही, फक्त मीही जाईन." मे महिन्यात आमचं लग्न होतं. आणि त्यानं आणखी एक सांगितलं. एउसेबिओनं फोटो पाहिला, खूप वेळ पाहिला, आणि गप्प बसला. म्हणजे त्याला सगळं कळलंय.

तेव्हापासून मी तुझ्या बाबांना घाबरत आले. तुला वाटलं मी लाजेनं रस्ता ओलांडायची. नाही. भीतीनं. मला वाटायचं, हा माणूस गप्प आहे तो काहीतरी राखून ठेवून. एक दिवस तो फोटो घेऊन दारात उभा राहील. दर नाताळला तोरीनोचा शिक्का असलेलं पाकीट आलं की मी आधी मागे वळवून नाव बघायची. असल्या माणसानं माझ्यासाठी स्वतःचं आयुष्य का घालवलं असतं? मी त्याची कोण? आजही मला ते कळत नाही.

ओरेस्तेच्या सामानात माझी प्रत सापडली, ती मी चुलीत घातली. बाबांची उरली होती.

इंजिनिअरला मी स्वतः लिहिलंय. नक्कल जोडली आहे. वाच, आणि त्यात काही लपवलंय असं वाटलं तर सांग. तुला तसं वाटण्याचा हक्क आहे.

क्लेलिया

•

तोरीनो, २६ एप्रिल

क्लेलिया,

नक्कल वाचली. दोनदा, मग भिंग लावून. सवय लागली. काही लपवलेलं नाही.

इंजिनिअर भेटला. ते वाक्य खोडून त्यानं माझ्यासमोर नवं लिहिलं. झाकणांची गोष्ट ऐकून तो पोरगा खुर्चीवरून उठलाच. खऱ्या फालेनाकडे नेलं आणि उजव्या बाजूचं एकुलतं एक झाकण दाखवलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांसारखं मला त्यातलं काही कळत नाही. गार होती, एवढंच कळलं.

पण तू विचारलंस, त्यांनी तुझ्यासाठी का सोसलं. त्याचं उत्तर घेऊन आलेय, आणि ते तुला आवडणार नाही. मलाही झेपलेलं नाही.

मी गुरुवारी दुपारी आश्रमात गेले. बाबा खिडकीशी बसले होते. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांपाशी नेला आणि लगेच पालथा घातला.

"हा कुठून काढलास?"

"तुमच्या पिशवीतून."

"तिथेच राहू द्यायचा. झालं ते झालं. मी तुला कधी एका शब्दानं बोललो का?"

"मला? मला कशाला बोलाल, बाबा?"

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. फोटो पालथाच होता, पण बोट बरोबर त्या कोपऱ्यावर गेलं, जिथे डबा आहे.

"सिस्टरची गाठ," ते म्हणाले. "एक कान उभा, एक दुमडलेला. रोज दुपारी मी सोडायचो ती. ओरेस्ते तुम्हा पोरींना आत नेतो हे मला ठाऊक होतं. तुझ्या हातात मैत्रिणीचा कॅमेरा पाहिला होता. आणि मामाचा तुला फार लळा. त्यानं मागितला, तू दिलास. लहान होतीस."

"सव्वीस वर्षांची होते!"

"मला लहानच होतीस."

क्लेलिया, त्यांना वाटलं तो डबा माझा आहे. म्हणून "बरं" म्हणाले. अर्ध्या गाडीचं आणि आरशाचं बोलले असते तर सुटले असते, पण मग सगळ्यांनी तो फोटो नीट पाहिला असता, आणि कुणीतरी विचारलं असतं, डबा कुणाचा? म्हणून फोटो खिशात घातला. तुझ्यासाठी त्यांनी काहीच केलं नाही. तू त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतीस.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, ती गाठ क्लेलियापण मारायची. रुमाल तिच्याकडेही होता. सिस्टरनी आमच्या सगळ्या वर्गाला शिकवली होती. आम्ही बारा जणी होतो."

"बारा?"

"बारा."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं आणि परत आलं.

"ओरेस्ते आपल्या खोलीतच जेवायचा," ते म्हणाले. "त्याचा डबा मी कधी पाहिलाच नाही. मला वाटलं, गाठ तुझीच." केसाएवढा उंचवटा तळव्याला कळणारा माणूस, क्लेलिया.

मग मीही सांगून टाकलं. का झाकून ठेवायचं? म्हटलं, "बाबा, तुम्ही भांडला नाहीत, नुसतं 'बरं' म्हणालात, म्हणून मला वाटायचं... कधी कधी वाटायचं, की तुम्हीच दिला असेल. मामाला."

"मी? त्या गाढवाला?" ते ताठ बसले. "त्या गाढवाला मी माझा तुटका खिळासुद्धा दिला नसता! फालेना देईन?" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, परिचारिका धावत आली आणि माझ्यावरच ओरडली, म्हाताऱ्याला काय सांगताय म्हणून.

असे आम्ही दोघं, ते आश्रमात जाईपर्यंत, वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवलो. ते मला चोर समजून माफ करत होते, मी त्यांना चोर समजून माफ करत होते. दोघंही किती जपून बोलायचो. त्यांनी माझा डबा का नेला नाही, ते आता कळलं. रागानं नव्हे. ती गाठ रोज सोडणं त्यांना जमेना.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते शब्द आमच्या घरात फार वापरून झालेत. शाळेतून येताना आपण जिच्यात चोरून हात घालायचो ती तुझ्या आईची मीठ लावलेल्या लिंबांची बरणी मात्र परवा सारखी आठवत होती. जूनमध्ये बाबांना फालेना दाखवायला नेणार आहे. तू त्या दिवशी येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी यायचं असेल तर कळव, मी स्टेशनवर येईन.

निघताना बाबांनी विचारलं होतं, "रविवारी काय करतेस जेवायला?"

"आन्योलोत्ती. खिमा भरून, रश्शात."

"घेऊन ये. झाकण घट्ट लाव, पूर्वी रस्सा सांडायचीस."

जुना डबा माळ्यावर होता, एका बाजूनं चेपलेला. रुमाल धुऊन धुऊन जवळजवळ पांढरा झालाय, पण उन्हात धरला की चौकडी दिसते. आज नेला. माझ्या हातांना गाठ आठवेल की नाही याची धास्ती होती, पण आठवली. त्यांनी डबा मांडीवर घेतला, रुमालावरून तळवा फिरवला, आणि उभा कान तेवढा ओढला. एका झटक्यात सुटते ती. तुला ठाऊकच आहे.

नीवेस